बोट लागलंच नव्हतं

वैशाखातल्या एका बुधवारी नागोराव सकाळच्या एसटीनं वणीला निघाले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तीनच वस्तू होत्या. दुपारची भाकर, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि चामड्याच्या गुंडाळीत बांधलेली हत्यारं. काम साधं होतं. एक जुनं पिस्तूल विकायचं होतं. ते आतून बघायचं, ठीक असेल तर तसं लिहून खाली सही करायची. तासाभराचं काम. संध्याकाळी लेकीला भेटून शेवटच्या गाडीनं केळापूरला परत यायचं, असं त्यांच्या मनात होतं.

नागोरावांचं वय त्र्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. पण वणीत बंदुका दुरुस्त करायचा परवाना चाळीस वर्षांपासून त्यांच्या नावावर होता. रानडुकरं हाकणाऱ्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका, चौकीदारांच्या दुनळ्या, कोणाचं पिस्तूल, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. ते कमी बोलत आणि हळू बोलत. लोखंड कानाजवळ नेऊन खटका ऐकत आणि मग म्हणत, "झालं." एवढंच.

म्हातारपणी त्यांनी केळापूरची वाट धरली आणि दुकान जावयाकडे दिलं. अतुल त्यांचा शागीर्द होता, जावई नंतर झाला. म्हणून दुकानात ते त्याला 'तू' म्हणत आणि घरी, लेकीसमोर, 'तुमी'. जावयाला लोक अंगठी घालतात, नागोरावांनी आपल्या हातातलं काम दिलं. काम दिलं तसा एक नेमही दिला. मुठीचा स्क्रू आवळून झाला की त्याची खाच नळीच्या रेषेत आणून सोडायची. चारही स्क्रू, चारही खाचा, सरळ रेषेत. पुढं कोणी आपल्यामागं पिस्तूल उघडलं तर त्याला ही गोष्ट ठाऊक नसते. तो आवळतो आणि खाच कुठंही वाकडी उभी राहते. बघणाऱ्याला कळतं, की आपल्यानंतर दुसरा हात लागला.

हे वणीत दोघांनाच माहीत होतं.

दुकानाशी पोचले तेव्हा अतुल निघायच्या घाईत होता. परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन त्याला यवतमाळला जायचं होतं.

"या मामाजी. कायले आले एवढ्या उन्हात? सही घ्यायले मीच येनार होतो ना केळापूरले."

"घेनारा बोढे ठेकेदार म्हने ना, जुनं पिस्तूल हाये, आतून कोनी काही बदललं तर नाही, ते नागोरावनं पाहून लिहून द्यावं. मंग पाहूनच लिहितो."

"मी पाह्यलं सारं. एक नंबर हाये."

"तू पाह्यलं ते तुह्या डोळ्यानं. माह्ये डोळे आता नवे झाले गड्या, त्याले बी काही काम नको का?"

अतुल हसला, पण ते हसू ओठावरच राहिलं. दारात थांबून तो म्हणाला, "पाहा, पन उघडू नका. दोन वर्सं पोलिसाच्या मालखान्यात पडलं होतं. स्क्रू जाम झाले असतीन. एखादा तुटला तर बोढे बोंबलन. अन् मानीबाईले चार वाजता बोलावलं हाये, तिची सही घेऊन ठेवा कागदावर."

"कोनत्या मानीबाईले?"

"धरमसिंगच्या. त्याचंच ना ते पिस्तूल."

एवढं बोलून तो गेला. नागोराव हातातली पिशवी तशीच धरून बराच वेळ उभे राहिले.

धरमसिंग त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. वणीच्या पलीकडच्या तांड्यावरचा, कोळशाच्या डेपोवर रखवालदार. उंच, काटक, मिशीला तेल लावणारा. दुकानात आला की दाराजवळच्या लाकडी बाकावर एक पाय वर घेऊन बसायचा आणि तंबाखू मळत तांड्यावरच्या भानगडी सांगायचा. पळसाच्या पानात चारोळ्या बांधून आणायचा. दोन वर्षांपूर्वी तो घरी पिस्तूल साफ करत होता, हातून गोळी सुटली आणि पोटात घुसली. पंचनाम्यात तसं लिहिलं होतं. मरण्याआधी जमादाराला त्यानं स्वतःच तसं सांगितलं होतं, की चूक माझीच.

नागोरावांना ते कधी पटलं नव्हतं. तीस वर्षांत धरमसिंगनं गोळी काढल्याशिवाय पिस्तुलाला फडकं लावलं नव्हतं. पण मरणारा माणूस स्वतः सांगतो म्हटल्यावर बोलायचं काय?

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी नागोरावांनी कोणाला सांगितली नव्हती. त्या मरणाआधी वीस दिवस ते पिस्तूल त्यांच्याच दुकानात होतं.

धरमसिंगची बोटं सांधेवातानं आखडली होती. तो म्हणाला होता, "नागोभौ, चाप लई जड जाते. बोट वळत नाही माह्यं. काही करता येते का?"

"चाप जडच पाहिजे धरमसिंग. तो जड हाये म्हनून तू उशाशी ठेवून झोपतो. साफ करून, तेल घालून देतो."

"पन तुमीच करा. दुसऱ्याचा हात लावू नका. पोराटोरांवर माहा भरोसा नाही."

तेव्हा नागोरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, ऑपरेशन नंतर झालं. समोरचा माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसायचा. गिऱ्हाइकांना ते सांगायची लाज वाटायची. त्यांनी पिस्तूल गुपचूप अतुलकडे दिलं, साफसफाई कर म्हणाले, आणि रजिस्टरवर अंदाजानं सही केली. न्यायला आलेल्या धरमसिंगनं त्याच बाकावर बसून विचारलं होतं, "तुमीच केलं ना, नागोभौ?"

आणि नागोराव म्हणाले होते, "मीच केलं."

साडेअकरा झाले. नागोरावांनी तिजोरी उघडून पिस्तूल काढलं आणि टेबलावर मऊ कापड अंथरलं. बाहेर ऊन इतकं चढलं होतं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. वणीचा बाजार उन्हाळ्यात बारानंतर मिटून जातो. शेजारचा सायकलवाला दार लावून गेला. समोरच्या हॉटेलची भट्टी विझली. नागोरावांनी शटर कमरेपर्यंत खाली ओढलं, तसा दुकानात काळोख झाला. बाहेरच्या लखलखाटातून आलेल्या डोळ्याला तर तो विहिरीतल्या काळोखासारखा वाटत होता. शटरखालून उन्हाचा एक पट्टा तेवढा आत आला होता आणि त्यात कोळशाची बारीक धूळ तरंगत होती.

मग लाइन गेली. कुलरचा पंखा हळूहळू थांबला. पाण्याचे दोन थेंब पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर कसलाच नाही.

त्यांनी चार्जिंगचा दिवा लावला. डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग चढवलं. आधी मॅगझिन काढलं. रिकामं. स्लाइड मागे ओढून आत पाहिलं, करंगळीनं चाचपलं. रिकामं. घोडा चढवला आणि पिस्तूल कापडावर ठेवून ते पेचकस घ्यायला वळले.

टक्.

नागोराव वळून बघतात तर घोडा पडलेला. त्याच वेळी कोळशाचा ट्रक रस्त्यानं गेला आणि टेबल थरथरलं. ट्रकच्या हादऱ्यानं पडला असेल, असं त्यांना वाटलं. पण घोडा हादऱ्यानं पडायचा नसतो. चाप ओढल्याशिवाय तो पडायलाच नको. त्यांनी पुन्हा चढवला, ठेवला, हात मागे घेतला आणि बघत बसले. रस्ता सामसूम होता. ट्रक नाही, वारा नाही. चापाला कोणाचं बोट नाही.

टक्.

नागोरावांच्या मानेवरून घामाचा एक ओघळ खाली गेला. तो थंड लागला.

त्यांनी मुठीकडे भिंग नेलं. चार स्क्रू. चारही खाचा नळीच्या रेषेत, सुतानं आखल्यासारख्या. गंज चढला होता, पण जागा हललेली नव्हती. धरमसिंगनं उघडलं नव्हतं, पोलिसांनी उघडलं नव्हतं. या पिस्तुलाला शेवटचा हात याच दुकानातला लागला होता.

उघडू नका, असं अतुल म्हणाला होता. नागोरावांनी पेचकस लावला.

एक एक भाग सुटा करून त्यांनी कापडावर ओळीनं मांडला. घोडा, चाप, स्प्रिंगा, पिना. नवे डोळे सगळं दाखवत होते. आतली एक स्प्रिंग त्या पिस्तुलाची नव्हतीच. बारीक होती, चकचकीत होती, कुठून तरी मागवलेली. आणि ज्या कंगोऱ्यावर घोडा अडकून राहतो तो कंगोरा कानशीनं उतरवलेला होता. काम सफाईचं होतं. कानशीचे घाव तिरपे, एका लांबीचे, शेवटी दगडानं पुसलेले. तसे घाव कसे घालायचे हे नागोरावांनीच कधीकाळी अतुलचा हात हातात धरून शिकवलं होतं.

आपलंच अक्षर दुसऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठीत दिसावं, तसं त्यांना झालं.

त्यांनी फोन लावला. तिकडून बसचा घरघराट आला.

"अतुल, धरमसिंगच्या पिस्तुलाले तू काय केलतं?"

"…उघडलं ना तुमी? म्हटलं होतं उघडू नका."

"काय केलतं?"

"चाप हलका केला. त्याचं बोट वळत नव्हतं. आजकाल सारे हेच मागतात मामाजी. तुमाले विचारलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं."

"मानूस मेला तो."

"मले काय सपन पडलं होतं? एखादवेळी होते मांगंपुढं." मग आवाज खाली आला. "आता ते जुनी स्प्रिंग टाकून बसवून देतो मी रातच्याला. बोढेले काही समजत नाही. तुमी फक्त सही करा."

"म्हंजे दोन वर्सं तुले मालूम होतं. त्याच्या तेराव्याले माह्या बाजूनं बसून जेवला तू. अन् मी सारं गाव ऐकते असा म्हटलो, की हुशार मानूस बी चुकते. तेव्हा तू पात्रातला भात कालवत होता."

नागोरावांनी ती चकचकीत स्प्रिंग दिव्यासमोर धरली.

"अजून कोनाकोनाच्या केल्या तू अशा?"

"मामाजी, जास्त लांबवू नका. रजिस्टरात पाहा, दुरुस्ती करनार नागोराव. सही नागोराव. परवाना नागोराव. त्यात माहं नाव कुठं हाये? अन् धरमसिंगले 'मीच केलं' कोन म्हटलं होतं? मी म्हटलं होतं का?"

नागोरावांनी पेचकस खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "बरं. तुमी या मंग. संभाळून या."

दुकानात ते जावयाला पहिल्यांदा 'तुमी' म्हणाले होते. फोन ठेवल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं.

किती वेळ ते तसेच बसून होते कोण जाणे. दिव्याच्या उजेडात सुटे भाग चमकत होते. घोडा एकीकडे, चाप एकीकडे, स्प्रिंगा वेगळ्या आणि पिस्तुलाचा सांगाडा पोकळ.

टक्.

नागोरावांनी कापडाकडे पाहिलं. कुठलाच भाग हलला नव्हता. हलून आवाज करील असं तिथं काही जोडलेलंच नव्हतं. आवाज टेबलावरून आला नव्हता. तो दाराजवळून आला होता, जिथं लाकडी बाक होता.

त्यानंतर वास आला. आधी मळलेल्या तंबाखूचा आणि मागोमाग जळक्या दारूचा, गोळी सुटल्यावर येतो तो. वास ताजा होता. नाकाच्या आत चुरचुरत होता.

"कोन हाये…?" नागोराव म्हणाले.

बाक करकरला. जड माणूस पाय वर घेऊन बसला की करकरतो, तसा. त्यांनी दिवा उचलून धरायचा प्रयत्न केला, पण हात उचलेना. दिव्याचा उजेड टेबलाच्या कडेपाशी संपत होता. त्याच्या पलीकडे बाकाची जागा काळी होती आणि शटरखालून येणारा उन्हाचा पट्टा बरोबर बाकासमोर मधेच तुटला होता. कोणी तिथं पाय खाली सोडावा आणि ऊन अडावं, तसा.

"नागोभौ…"

आवाज हळू होता. रागाचा नव्हता. दमलेला होता.

"तुमीच केलतं ना…?"

तेच शब्द. त्याच बाकावरून. नागोरावांचे डोळे भरून आले. भीतीनं अंग गार पडलं होतं आणि तरी त्यांना वाटलं, हा आपला माणूस आहे, याला पाणी विचारावं. दोन वर्षं हा हेच विचारत फिरतोय की काय? ते म्हणाले,

"नाही रे, धरमसिंग… मी नाही केलं. मले दिसतच नव्हतं. डोळे गेलते माह्ये. लाज वाटली मले… म्हनून खोटं बोललो."

उन्हाच्या पट्ट्यात धूळसुद्धा थांबली होती.

"मंग… कोनं केलं?"

नागोरावांना आजही सांगता येत नाही, की तेव्हा त्यांच्या मनात काय होतं. फोनवरचे शब्द कानात ताजे होते. रजिस्टरात माझं नाव कुठं आहे, हे शब्द. सतरा वर्षं हात धरून शिकवलेलं सगळं त्या एका वाक्यात मातीत गेलं होतं. म्हातारं मन दुखावलं होतं, आणि दुखावलेलं मन पुढचं बघत नाही.

"अतुलनं," ते म्हणाले. "माह्या जवायानं केलं."

बाक करकरला. उन्हाचा पट्टा जोडला गेला आणि पुन्हा सरळ झाला. शटर कोणी वर केलं नाही, पण त्याचा पत्रा एकदा हळूच वाजला, वाकून जाणाऱ्याचा खांदा लागावा तसा. वास गेला. थोड्या वेळानं लाइन आली आणि कुलर सुरू झाला.

बाकावर कोळशाच्या धुळीचा थर होता. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर असतो तसाच. मधोमध एका माणसाएवढी जागा पुसली गेली होती.

नागोरावांनी तोंडावर पाणी मारलं. भाकर तशीच राहिली. मग त्यांनी कागद ओढला आणि आपल्या जाड, वाकड्या अक्षरात लिहायला बसले. पिस्तुलात आतून बदल केलेला आहे. बोट न लावता घोडा पडतो. विकू नये. हा बदल माझ्या दुकानात झाला. मला दिसत नसताना मी सही केली. कोणी केला तेही त्यांनी लिहिलं. लेक डोळ्यांसमोर आली तेव्हा लेखणी थांबली, पण थोड्या वेळानं ती पुढं चालली. हा कागद उद्या बोढ्याला नाही, ठाण्यात द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

चार वाजता मानीबाई आली. साठीची बाई, हातात जुन्या पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला. ती बाकावर बसायला गेली, थांबली आणि खाली फरशीवर बसली.

"वरते बस ना मानीबाई."

"नको भिया, इथंच बरं हाये." ती नागोरावांना भावाच्या नात्यानं तांड्यावरच्या बोलीत भियाच म्हणायची. "कुठं अंगठा लावू?"

"अंगठा नको लावू. तुले काही सांगाचं हाये."

नागोरावांनी सांगितलं. स्प्रिंग सांगितली, कंगोरा सांगितला, आपलं खोटं सांगितलं. बाकावरचं तेवढं सांगितलं नाही. मानीबाईनं मधे एकदाही डोळा पुसला नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली,

"मले थोडं मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"साफ करत नव्हता तो. खुटीवर टांगाले उचललं अन् फटकन वाजलं. बोट लागलंच नव्हतं. जीपमधी माह्या मांडीवर डोकं होतं त्याचं. म्हने, माने, कोनाले सांगू नको. म्हने, नागोभौचे डोळे गेले दिसतात, चुकला असन हात. म्हातारपनी जेलात जाईन तो. मी म्हनतो माह्याच हातून सुटली."

नागोरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन वर्षं ज्याला ते चारचौघांत चुकला म्हणत होते, त्यानं त्यांची चूक आपल्या अंगावर घेऊन जीव सोडला होता. आणि ती चूकही त्यांची नव्हती.

"रडू नको भिया," मानीबाई म्हणाली. "त्याचा राग नव्हता तुह्यावर. तू होता म्हनून सोडलं त्यानं. मले म्हने, दुसरा कोनी असता ना माने, तर मी मेल्यावर बी त्याच्या दारात जाऊन बसलो असतो."

नागोरावांनी तोंडावरचे हात खाली घेतले.

"असं म्हटलं त्यानं?"

"हो ना. माह्याशी शेवटचंच बोलला ते. काहून?"

नागोरावांनी रिकाम्या बाकाकडे पाहिलं. मानीबाई थोडा वेळ बसली, मग उठली, आणि उन्हं कलती झाली होती म्हणून पायीच तांड्याकडे निघाली. नागोरावांनी अतुलचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. पुन्हा वाजत राहिली. त्यांनी सुटे भाग तिजोरीत टाकले, कागद खिशात घातला आणि पायात चपला घालत होते तेव्हाच फोन वाजला.

गौरीचा होता. त्यांच्या लेकीचा.

"बाबा, दुकानातच हा ना तुमी?"

"निघालोच घराकडं. अतुल आले का?"

"आत्ताच आले. दुपारच्याच गाडीनं परत फिरले म्हने, कागद दिलेच नाही. फोन बी एसटीत राह्यला त्याईचा. बाबा, तुमी पाव्हना पाठवला का त्याईच्या संगं?"

"कोनता पाव्हना?"

"म्हातारे हायेत एक. उंच. याईच्या मांगंमांगंच आले अन् दारातल्या खुर्चीवर बसले. एक पाय वर घेऊन, एक हात पोटावर धरून." गौरीनं आवाज अगदी बारीक केला. "मी याईले विचारलं, कोन हायेत? तर म्हनतात, कुठं कोन हाये? वेडी झाली का? समोरच तर बसले हायेत ते. याईच्याकडंच पाहून राह्यले."

"गौरी, माह्ये माय, तू बाहेर ये. तुह्या पोरीले घे अन् शेजारी जा. आत्ता."

"अहो पन पाव्हन्याले असं सोडून कशी येऊ? पानी देल्लं मी त्याईले. तांब्याभर पेले. एका दमात."

"ये तू… पह्यले बाहेर ये."

"बाबा…" ती थांबली. तिकडे अतुल कोणावर तरी चिडून बोलत होता, हे पाणी कोणी सांडलं म्हणून. गौरीच्या बांगड्या वाजल्या, ती खाली वाकली असावी. मग तिचा श्वास ऐकू आला आणि ती म्हणाली, "बाबा, मी माठातलं थंड पानी देल्लं होतं. खुर्चीखाली जे सांडून राह्यलं ना, ते कोमट हाये."